चंद्रीचा डावा डोळा

तुळसाकाकी चुकली असं तोंडावर सांगणारा माणूस मालगुंडात अजून जन्माला यायचा होता. बाई साठीला टेकलेली, अंगाने काटक, आणि आवाज असा, की समुद्राकाठी उभी राहून हाक मारली तर वाडीतली कुत्री उठून बसायची. तिचा नवरा केरू मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. ते काम सोडताना त्याच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे, घाटावरून एक तांबडी घोडी घेऊन आला. पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवीन म्हणाला. घरात आधीच दोन म्हशी, एक आजारी सासू आणि गळकं छप्पर. तुळसा म्हणाली, "घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं." पुढे केरू गेला आणि भावकीतली माणसं घोडी विकून टाक म्हणून सांगायला आली, तेव्हा हीच बाई म्हणाली, "घोडी विकायची तर आधी मला दावं लावा नि बाजारात न्या." तो विषय मग कोणी काढला नाही.

घोडीचं नाव चंद्री. कपाळावर पांढरा चांद, म्हणून चंद्री. तुळसाकाकी कासोटा घालून, डोक्याला टॉवेल गुंडाळून तिला रोज गणपतीपुळ्याच्या वाळूत घेऊन जायची. पोरं पाठीवर बसायची, त्यांचे आईबाप फोटो काढायचे. फोटोच्या बाबतीत काकी भारी चोखंदळ. घोडीची आयाळ विंचरलेली हवी, चांद ओल्या फडक्याने पुसलेला हवा, शेपटीत एक काडी दिसता कामा नये. स्वतःच्या केसांना तिने इतकं तेल कधी लावलं नसेल.

तर ही घोडीवाली तुळसाकाकी डोळ्यांचीही मोठी जाणकार होती. म्हणजे सगळे तसं मानायचे, आणि तिचाही त्याला विरोध नव्हता. कोणाच्या गाईचा, बैलाचा, शेळीचा डोळा लाल झाला, की जनावर तिच्या घरापुढच्या खळ्यात यायचं. यामागे होता एक पानाचा डबा. आमच्या गावात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाचे थेंब संपत नाहीत. डोळा बरा होतो, बाटलीत थोडं उरतं, आणि औषध फेकायचं म्हणजे आमच्या माणसांच्या जिवावर येतं. विरजण जसं या घरातून त्या घरात जातं, तशा त्या बाटल्या फिरायच्या. फिरत फिरत सगळ्या काकीच्या डब्यात येऊन विसावायच्या. निळ्या झाकणाच्या, पांढऱ्या झाकणाच्या, गुलाबी झाकणाच्या. काकी झाकणावरून औषध ओळखायची. खोटं कशाला बोला, बऱ्याच जनावरांना गुणही यायचा. धुळीने आलेला डोळा चार दिवसांत आपोआपही जातो, पण श्रेय थेंबाला मिळायचं आणि थेंबाचं श्रेय काकीला.

तिचा स्वतःचाही मोतीबिंदू काढून झाला होता. ऑपरेशननंतर डोळा गुंजेसारखा लाल होता. गुलाबी झाकणाचे थेंब पडले आणि तो लख्ख झाला. सुईत दोरा ओवता येऊ लागला. तेव्हापासून गुलाबी झाकण म्हणजे काकीचा हुकमाचा एक्का.

एकदा पावसाळा संपता संपता चंद्री किनाऱ्यामागच्या केवड्याच्या बनाकडे गेली. तिथे मुळाशी कोवळं गवत होतं. घोडीने तोंड घातलं आणि केवड्याच्या पानाची काटेरी कड डाव्या डोळ्याला लागली. घरी आली ती डोळा मिटूनच. पाणी नुसतं गळत होतं, पापणी सुजलेली, आत सगळं लाल. काकीने डोळा उघडून बघितला. काटा नाही, काडी नाही.

"लागलंय जरा," ती सुनेला म्हणाली. "गुलाबी झाकण आण."

सून वेदिका. मुलगा जहाजावर असायचा, घरात या दोघीच. वेदिका चिपळूणच्या कॉलेजात शिकलेली, बोलायला कमी. तिने एवढंच विचारलं, "आई, जनावरांच्या डॉक्टरांना फोन करू का? त्या नवीन मॅडम आल्यात म्हणे."

"कशाला? डोळाच आलाय ना? डोळ्याला मी हाय."

थेंब सुरू झाले. आणि काय सांगू, दोन दिवसांत लाली गेली. पापणीची सूज उतरली. घोडी डोळा अजून अर्धवटच उघडायची, पण पांढरं कसं शंखासारखं पांढरं झालं होतं. काकीला आनंदाचं भरतं आलं. किनाऱ्यावर शहाळीवाल्यापासून भेळवाल्यापर्यंत सगळ्यांना घोडीचा डोळा दाखवून झाला. "बघा, डॉक्टर नाय, इंजेक्शन नाय." तिथेच तिला बाबू भेटला. बाबू म्हणजे वरच्या वाडीतला, नात्याने चुलतदीर. त्याच्या गुलब्या बैलाच्या डोळ्याला पेंढ्याची काडी लागली होती. गुलब्या हा बाबूचा जीव की प्राण. भावकीतल्या लग्नाला बाबू गेला नाही तर चालतं, गुलब्याला पाणी दाखवायला उशीर झालेला चालत नाही. काकीने कनवटीची बाटली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"सकाळ-संध्याकाळ घाल. लाली गेली की समज झालं."

स्वतःसाठी तसल्याच झाकणाची दुसरी बाटली डब्यात होतीच.

पुढे चंद्री मान खाली घालून उभी राहायला लागली. डोळ्यात लाली नाही, पण उजेड आला की ती तोंड भिंतीकडे करायची. वेदिकाने एका सकाळी जवळून बघितलं आणि म्हणाली, "आई, बुबुळावर धुकं धरलंय." काकी म्हणाली, उतरेल. दुसऱ्या दिवशी धुक्याच्या मध्यभागी एक खळगा होता, आणि त्याच्या कडा कोवळ्या शहाळ्यातल्या मलईसारख्या लिबलिबीत झाल्या होत्या. काकीने ते पाहिलं आणि हातातली बाटली परत डब्यात ठेवली. वेदिकाने या खेपेला विचारलं नाही. सरळ फोन लावला.

डॉक्टर तेजस्वी स्कूटरवरून आली. लांज्याकडची पोर, वय तिशीच्या आत, बूट चिखलात बुडवायला न लाजणारी. आल्या आल्या तिने घोडीच्या मानेवर हात ठेवला, तिच्याशी दोन शब्द बोलली, मग डोळ्यात एक थेंब टाकला. चंद्रीने कितीतरी दिवसांनी डोळा सताड उघडला. दुखणंच थांबलं होतं तिचं.

मग डॉक्टरने एक नारिंगी कागदाची पट्टी पाण्यात भिजवून डोळ्याला लावली, वरून पाणी मारलं आणि निळ्या उजेडाची बॅटरी धरली. "काकी, या इथे. तुम्हीच बघा."

काकी वाकली. बुबुळावर रुपयाच्या नाण्याएवढा डाग हिरवागार चमकत होता. बाकीच्या डोळ्याला रंग नाही, आणि मधोमध ते हिरवं.

"जखम आहे ती," तेजस्वी म्हणाली. "वरची कातडी जिथे शाबूत असते तिथे हा रंग धरत नाही. डोळ्यात काय घातलंत?"

काकीने पानाचा डबा उघडून समोर ठेवला. लपवालपवी तिच्या स्वभावात नव्हती. तेजस्वीने गुलाबी झाकणाची बाटली उचलली, बारीक अक्षरं वाचली आणि खाली ठेवली. "हे स्टिरॉइड आहे, काकी. डोळ्याला जखम असताना हे घालायचं नसतं."

"मग काय झालं? लाली गेली ना?" काकीचा आवाज चढला. "माझ्या डोळ्यात हेच घातलं. मोठ्या डॉक्टराने लिहून दिलेलं. मी आंधळी झाले काय?"

दुसरा कोणी असता तर इथे ऐकवायला बसला असता. तेजस्वी घोडीच्या दाव्याशेजारी दगडावर बसली. "आमच्या लांज्यात नाही का," ती म्हणाली, "पावसात घराभोवतीचा गडगा पडतो. चिरे ढासळले की बांधायला गडी येतात. अंगणभर चिखल, आरडाओरडा, घमेली. लाली म्हणजे ते गडी, काकी. जखम झाली म्हणून ते आले. तुम्ही थेंब घातलात आणि गडी घरी पाठवलेत. अंगण झालं स्वच्छ. पण गडग्याचं भगदाड?"

काकीने पुन्हा घोडीच्या डोळ्याकडे बघितलं.

"भगदाड तसंच राहिलं, आणि त्यातून डुकरं शिरली. केवड्याच्या पानावरची बुरशी असेल, जंतू असतील. त्यांना अडवायलाही कोणी नाही. तुमच्या डोळ्याचं वेगळं. तुमचा गडगा डॉक्टरांनी स्वतः बांधून घेतला होता, आणि तुम्हाला ते यंत्रासमोर बसवून परत परत बघत होते. तिथे आतली सूज उतरवायची होती."

घोडं इथेच पेंड खात होतं. लाली जाणं आणि जखम भरणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे त्या बाईला आयुष्यात कोणी सांगितलं नव्हतं. डोळा लाल असतो म्हणून दुखतो, असंच ती समजून चालली होती.

"डोळा राहील?" तिने विचारलं.

"आत्ता सांगता येत नाही. तो खळगा आरपार गेला तर डोळा वाहून जाईल. नाही गेला तर वाचेल, पण बुबुळावर पांढरं फूल पडेल बहुतेक."

तुळसाकाकी चंद्रीच्या मानेला टेकून उभी राहिली. केरू गेला तेव्हा ती चारचौघांत रडली नव्हती. आता तिच्या त्या लख्ख झालेल्या डोळ्यातून पाणी आलं आणि तिने ते टॉवेलने खसकन पुसलं. मग लगेच हिशेबाला लागली, कारण नुसतं रडत बसणं तिला येतच नव्हतं. "तो पहिला थेंब दे मला. त्याने दुखायचं थांबलं तिचं. तोच घालते दिवसभर."

"तो तर मुळीच नाही," तेजस्वी म्हणाली. "तो बधिर करायचा. तपासण्यापुरता ठीक. रोज घातलात तर जखम भरायचीच थांबते, आणि बधिर डोळा घोडी कुठेही घासेल. मला माहीत होतं तुम्ही हीच बाटली मागणार."

"मग जे दुखतं ते चांगलं नि बरं वाटतं ते वाईट, असं म्हणतेस काय तू?"

"तसंही नाही. दुखणं कमी करायला दुसरं देते. त्याने बाहुली मोठी होईल, आतला ताण सैल होईल. पण घोडीचं पोट त्याने जड होऊ शकतं. लीद नीट पडते का बघत राहा."

जंतूंचं एक औषध, बुरशीचं एक, आणि मग तेजस्वीने जे सांगितलं ते ऐकून वेदिका आणि काकी दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. ती म्हणाली, घोडीच्या मानेतून रक्त काढते. ते गोठलं की वर जे पिवळसर पाणी सुटतं तेही डोळ्यात घालायचं. कडा ज्याने विरघळतायत त्याला तेच पाणी आवर घालतं. दवाखान्यात यंत्रात फिरवून स्वच्छ बाटलीत देते, फ्रिजमध्ये ठेवा.

"तिचंच रक्त तिच्याच डोळ्याला औषध," काकी म्हणाली. "हे मात्र मला पटलं."

वेदिकाने फ्रिजमधली कोळंबी आणि सोलकढी खालच्या कप्प्यात हलवली. तेजस्वी स्कूटरला किक मारता मारता थांबली. "काकी, हे गुलाबी झाकण आणखी कोणाला दिलंत का हो?"

"बाबूला," काकी म्हणाली. मग पायात चपला सरकवून वरच्या वाडीच्या पाखाडीच्या पायऱ्या चढायला लागली.

बाबू गोठ्यातच होता. तिला बघून त्याचं तोंड फुललं. "वयनी, ये ये. बघ गुलब्याचा डोळा. लाली औषधाला उरली नाय."

"बाटली दे बाबू. ते थेंब घालायचे नाय."

"का?"

"माझं चुकलं. जखमेवर ते चालत नाय. चंद्रीचा डोळा जायची वेळ आलीय."

बाबूने तिच्याकडे निरखून बघितलं आणि गालात हसला. उभ्या आयुष्यात या बाईच्या तोंडून 'माझं चुकलं' ऐकलं नव्हतं त्याने. त्याचा त्याने आपल्या परीने अर्थ लावला. "वयनी, तुझी बाटली संपली असंल तर सरळ सांग ना. अर्धी अर्धी वाटून घेऊ. असलं कायबाय कशाला बोलतंस?"

काकीला असा राग आला, की ती क्षणभर विसरलीच आपण कशाला आलोय ते. चिकट म्हणाला मेला मला. तिने डॉक्टरचं नाव घेतलं. बाबू म्हणाला, "ती काल आली. तू आमची जल्मापासूनची. तू बोललीस लाली गेली की झालं. तुझा शब्द मी खाली पडू देतंय काय?"

आता बोला. आयुष्यभर काकीने शब्दाला वजन कमावलं, आणि आज तेच वजन गुलब्याच्या डोळ्यावर बसलं होतं. ती परत फिरली. पाखाडी उतरताना तिला कळून चुकलं, की दिलेला सल्ला नुसत्या तोंडाने परत मागता येत नाही.

चंद्रीला तिने भिंतीकडे बांधून ठेवलं होतं, डावी बाजू आत, रस्त्यावरच्या माणसाला दिसू नये अशी. ही तिची घोडी. हिच्या शेपटीत एक काडी तिला खपत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वेदिकाकडून तेजस्वीला फोन लावून घेतला, "घोडीला बघायला येशील ती माझ्याकडे नको येऊस, वरच्या वाडीत बाबूच्या खळ्यात ये," आणि चंद्रीच्या डोळ्यावर ओलं मऊ फडकं बांधून तिचं दावं सोडलं. वेदिका म्हणाली, "आई, सगळे बघतील."

"बघू देत. बघायलाच नेतंय."

गेली ती मागच्या पाणंदीने नाही, मधल्या रस्त्याने. देवळासमोरून, दुकानासमोरून. ज्यांच्यापुढे तिने चार दिवसांपूर्वी डोळा मिरवला होता त्यातले बरेच तिथे होते. कोणी विचारलं तर ती थांबून सांगत होती, "गुलाबी झाकणाने घालवला मी हिचा डोळा. तुमच्याकडे तसली बाटली असंल तर वेदिकाकडे आणून द्या." बढाई मारताना जो आवाज लागायचा तोच आवाज, त्याच पट्टीतला. चूकसुद्धा हुकूम सोडावा तशी सांगत चालली होती बाई.

बाबूच्या खळ्यात तिने फडकं सोडलं.

बाबू जवळ आला. वाकून डोळा बघितला. मग एवढंच म्हणाला, "वयनी, हे त्या थेंबांनी?"

"लाली नव्हती हिलाही. तुझ्या गुलब्यासारखाच चकचकीत होता."

तेवढ्यात तेजस्वी पोचली. तीच नारिंगी पट्टी, तीच निळी बॅटरी. बाबूने गुलब्याची शिंगं धरली आणि वाकून बघितलं. त्याने कौतुकाने दाखवलेल्या त्या डोळ्यात हिरवा ठिपका चमकत होता, तांदळाच्या दाण्याएवढा. बाबूने गुलब्याच्या मानेवर हात ठेवला.

"लहान आहे," तेजस्वी म्हणाली. "कडा कोरड्या आहेत. वेळेत बघितलं. थेंब आजपासून बंद, मी देते ते घाला."

बाबूने कोनाड्यातून बाटली काढून काकीच्या हातात दिली. काकीने ती तिथेच, खळ्याच्या कडेला दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने फोडली. प्लास्टिकची होती, धड फुटेना. दोन-तीन घाव घालावे लागले.

पुढचे दिवस दोघी सासू-सुनांनी पाळ्या लावून काढले. दर दोन तासांनी थेंब, आणि दोन औषधांच्या मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा, नाहीतर एक दुसऱ्याला धुऊन नेतं. लीद मोजायला काकी स्वतः बसायची. "सासूबायचं एवढं केलं नव्हतं," म्हणायची. खळगा आरपार गेला नाही. कडा घट्ट झाल्या, मग पांढऱ्याच्या बाजूने बारीक लाल रेघा बुबुळावर सरकायला लागल्या. काकी घाबरली, तर तेजस्वी हसून म्हणाली, "काकी, गडी परत आले." त्या रेघा जखमेपर्यंत पोचल्या, भरल्या आणि निवल्या. एक दिवस नारिंगी पट्टी लावली आणि हिरवं काही चमकलंच नाही. चंद्रीचा डोळा राहिला. मधोमध पांढरं फूल मात्र पडलं ते पडलंच. गुलब्याच्या डोळ्यावर आज खूण शोधून सापडत नाही.

जनावरं अजूनही काकीच्या खळ्यात येतात. सवय कुठे जाते? ती डोळा उघडून बघते, हनुवटीला हात लावून विचार करते आणि ठणकावून सांगते, "लागलेलं दिसतंय. थेंब नाय, फोन." पानाच्या डब्यात आता पान असतं.

आणि चंद्रीला ती आता डावी बाजू रस्त्याकडे करून बांधते. किनाऱ्यावरही तशीच उभी करते. गेल्या हंगामात पुण्याची कोणी एक बाई आपल्या लेकराला घोडीवर बसवून फोटो काढत होती. तिला ते पांढरं फूल दिसलं, आणि ती अदबीने म्हणाली, "काकी, जरा पलीकडच्या बाजूने काढू का? चांगला येईल."

तुळसाकाकीने ओल्या फडक्याने घोडीचा चांद पुसला, आयाळ सारखी केली.

"ह्याच बाजूने काढ," ती म्हणाली. "माझ्या गावात ह्या डोळ्याने एक डोळा वाचवलाय."